फितऱ्याचा तांदूळ

आमचं घर म्हणजे देणारं घर. गावात कुणालाही विचारलं तरी हेच सांगेल. लहानपणापासून हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं, की आडनावासारखं ते आम्हाला चिकटून गेलं. श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राची गाज अंगणात ऐकू येईल इतक्या जवळ आमची २२ गुंठ्यांची वाडी. तीनशेच्या आसपास पोफळी, ३१ माड, मध्ये मध्ये जायफळ, वर चढवलेले मिरीचे वेल, कडेला केळी आणि एका कोपऱ्यात विहीर. अब्बा बोटीवर नोकरीला होते. वर्षातले नऊ-दहा महिने ते दर्यावर आणि वाडी अम्मीच्या हाती. २०११ साली अब्बा गेले, तरी या व्यवस्थेत फारसा फरक पडला नाही.

आम्ही चौघं भावंडं. दोन बहिणी, दोन भाऊ. थोरली म्हसळ्याला दिलेली, दुसरी मुंब्र्याला. मोठा भाऊ बहारीनला आणि धाकटा बायकामुलांसह गावी, अम्मीजवळ. हा मजकूर एकाच हातून कागदावर उतरत असला तरी त्यात 'मी' लिहायला मन घेत नाही. जे सांगायचं आहे त्यात मान असेल तर तो अम्मीचा आणि मोहल्ल्यातल्या एका म्हातारीचा. चुका मात्र आम्हा चौघांच्या सारख्याच आहेत.

थंडी सुरू झाली की पोफळीची शिंपुटं उतरू लागत. अंगणभर सुपारी वाळत पडे. महिना-दीड महिना ऊन खाऊन ती वाळली की असोली सुपारी पोत्यांत भरली जाई आणि पुढे पडवीत बसून बाया ती सोलत. पाडेली दर दोन-अडीच महिन्यांनी येऊन नारळ पाडून जाई. माल घरात आला की अम्मी वाटे करायला बसे. विकायचा माल वेगळा. बाकीच्यात पाडेल्याचा वाटा, मशिदीत अजान देणाऱ्या बांगीसाहेबांचा वाटा, सुकी मासळी घेऊन दारावर येणाऱ्या कोळणीचा वाटा, आणि मोहल्ल्यातल्या तीन विधवांचे तीन.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई मसलकात उश्र लागतो तो साठवून खाण्याच्या धान्याला, खजुराला, मनुकांना. नारळ-सुपारीला तो नाही; ती विकून आलेला पैसा वर्षभर शिल्लक राहिला तर त्याची जकात. गावात आलेल्या एका मौलानांनी बयानात हे समजावून सांगितलं, तेव्हा आमच्यातलं कुणीतरी घरी येऊन शहाणपणाने अम्मीला म्हणालं, "मग इतके वाटे कशाला करतेस?" अम्मी हातातलं काम न थांबवता म्हणाली, "लागत नाही म्हणून तर देते. लागत असतं तर ते माझं नव्हतंच. त्यात देणं कसलं?" चौथी शिकलेल्या बाईचं हे उत्तर आम्ही पुढे कितीतरी लोकांना अभिमानाने ऐकवलं.

हे वाटे पोचवायचं काम आम्हा पोरांचं. मगरिबनंतर, अंधार पडल्यावर, मागच्या दाराने. टोपलीवर फडकं झाकायचं. वाटेत कुणी विचारलं तर सांगायचं नाही. चाचीच्या दारी गेलं की तिच्या टोपलीत ओतायचं आणि आपली टोपली घेऊन लगेच निघायचं, उभं राहायचं नाही.

चाची म्हणजे त्या तीन विधवांपैकी एक. नवरा मासेमारीच्या मचव्यावर होता, तो लवकर गेला. एक मुलगी, तिचा मुलगा आणि ती, अशी तीन माणसं आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एका बुटक्या घरात राहत. ही चाची आम्हाला लगेच निघू देत नसे. "थांब रे," म्हणून आत जाई आणि आमच्या रिकाम्या टोपलीत काहीतरी टाकी. कधी मूठभर सुका जवळा, कधी चार हिरव्या मिरच्या, कधी आठ-दहा आमसुलं. आम्ही ते घेऊन घरी येत असू. अम्मी टोपलीत डोकावून म्हणे, "कशाला देते ती? तिच्याकडेच कुठे आहे?" आणि ते आमसूल, तो जवळा आमच्या स्वयंपाकघरात कधी जात नसे. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कुणाच्या तरी टोपलीतून बाहेर पडे. गरिबाच्या तोंडचं आपण खायचं नाही, असा त्यातला अर्थ आम्ही लावला होता, आणि तो आम्हाला फार मोठा वाटत असे.

२०२०चा रमजान सगळ्यांनाच आठवत असेल. मशिदी बंद, तरावीह घरात. २५ मेची ईदही घरातच झाली. ना ईदगाह, ना गळाभेट. फितरा मात्र वेळेवर निघाला. आमच्याकडे फितरा तांदळाचा. गावच्या घरात तेव्हा पाच माणसं. माणशी एक साअ हा हिशेब. कमी पडायला नको म्हणून अम्मी माणशी तीन किलो धरते. पंधरा किलो तांदूळ. त्यातला निम्मा चाचीकडे गेला. तोंडाला रुमाल बांधून धाकट्याच्या मुलाने तो पोचवला.

त्यानंतर नवव्या दिवशी, ३ जूनला, 'निसर्ग' वादळ आलं.

बुधवार होता. आदल्या दिवशी गावात दवंडी फिरली होती, किनाऱ्यालगतची काही घरं शाळेत हलवली होती. वाऱ्याची सवय असलेल्या गावाला तरी कल्पना आली नव्हती. दुपार व्हायला आली आणि ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यातून आत घुसला. आमच्या घरात सिमेंटचा स्लॅब फक्त मोरीला आणि तिच्याशेजारच्या छोट्या खोलीला. तिथे पाच माणसं दाटीवाटीने बसली. डोक्यावरची कौलं कधी गेली ते कळलं नाही, कारण त्या आवाजात कौलाचा आवाज वेगळा ऐकूच येत नव्हता. ऐकू येत होता तो वाडीतला आवाज. माड मोडतो तो धडाम करून पडतो. पोफळ तशी मोडत नाही. ती आधी वाकते, आपल्याला वाटतं आता उठेल, आणि मग मधोमध कडकन तुटते. एक झाली, दुसरी झाली. पुढे पुढे मोजणं सुटलं. धाकट्याची मुलगी कानांवर हात ठेवून बसली होती. अम्मी तस्बीह फिरवत होती, तिचाही हात एका जागी थांबला.

असरच्या सुमारास वारा उतरला. अम्मी वाडीत गेली आणि मोजून आली. पोफळी ४१ उरल्या होत्या, माड १२. जायफळाची दोन्ही मोठी झाडं मुळासकट आडवी. अब्बांनी लावलेलं पहिलं रोप त्यांतलंच होतं. अम्मी रडली नाही. पडवीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "तांदूळ बघा."

तांदूळ गेला होता. पावसाळ्याची बेगमी म्हणून पिंपात भरून ठेवलेला वर्षाचा तांदूळ. पिंपावर वासा पडून झाकण उडालं आणि वरून पाणी धो धो आत. पीठ, साखर, मसाला, सगळ्याचा लगदा.

वीज नाही, फोन नाही, रस्ते झाडांनी बंद. म्हसळ्याची थोरली तिसऱ्या दिवशी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. निम्मी वाट गाडी ओढत, निम्मी चालत. मुंब्र्याची दुसरी पास मिळवून, माणगावमार्गे, मेणबत्त्या, पाव आणि एक ताडपत्री घेऊन सहाव्या दिवशी पोचली. बहारीनच्या भावाला तर कितीतरी दिवस घर उभं आहे की नाही एवढंही कळलं नाही.

मुद्दा आहे तो या मधल्या दिवसांचा.

दुसऱ्याच दिवशी जमातीची पोरं यादी करत दारोदार फिरू लागली. पुढे निरनिराळ्या संस्थांच्या गाड्याही येणार होत्या. पत्रे, ताडपत्र्या, शिधा, साबण. आमच्या दारात एक ओळखीतला पोरगा वही घेऊन उभा राहिला. "खाला, किती माणसं लिहू?" अम्मी म्हणाली, "आमचं नाव घालू नकोस बेटा. आमच्यापेक्षा गरजू खूप आहेत." पोराने एकदा वर बघितलं. वर आभाळ होतं. तो काही बोलला नाही, पुढे गेला.

आम्हीही काही बोललो नाही. हे लिहायला कठीण जातं, पण अम्मीच्या त्या नकाराचा आम्हाला अभिमानच वाटला. घरात मुलं बिस्किटांवर दिवस काढत होती, मृगाचा पाऊस तोंडावर होता, आणि तरीही हे देणारं घर मदतीच्या यादीत नाही याचं आम्हाला बरं वाटलं. थोरली आली तेव्हा तिनेही हेच म्हटलं, "बरं केलंस अम्मी. लोक काय म्हणाले असते?"

चौथ्या दिवशी फजरच्या नमाजला अम्मी उठली आणि भिंत धरून खाली बसली. चेहरा पांढरा पडलेला, डोळ्यांपुढे अंधारी. भूक, जागरण, शोक, आम्ही काय काय समजलो. दिवसभर ती पडून होती. संध्याकाळी मागच्या दाराने चाची आली. हो, मागच्याच दाराने, मगरिबनंतर, आणि तिच्या हातातल्या टोपावर फडकं झाकलेलं होतं.

चाचीच्या बुटक्या घराचं छप्पर झापांचं. ते गेलं तसं दोन दिवसांत परतही आलं, कारण पडलेल्या झावळ्यांना गावात तोटा नव्हता आणि झाप विणायला तिला कुणाची गरज नव्हती. तिचा तांदूळ होता पत्र्याच्या डब्यात, फळीच्या खाली, कोरडा. टोपात गरम भात आणि जवळ्याचं कालवण होतं. तिने अम्मीपुढे ताटली मांडली.

अम्मीने विचारलं, "कुठला तांदूळ ग?"

चाची म्हणाली, "तुमचाच भाभी. ईदेचा."

मेणबत्तीच्या उजेडात आम्ही एकमेकांकडे बघितलं. फितऱ्याचा तांदूळ! आपण दिलेला फितरा आपल्याच ताटात? अम्मीचा हात ताटलीजवळ जाऊन थांबला. तिने तो मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही.

चाचीला अक्षरओळख नाही. पण बयान ऐकायला ती आयुष्यभर पडद्याआड पहिल्या रांगेत बसलेली. ती सावकाश म्हणाली, "बरीराची गोष्ट तुम्हीच ना मला सांगितली होती, भाभी? तिला कुणीतरी सदक्यात गोश्त दिलं होतं. हुजूरांनी (स.) ते विचारून घेऊन खाल्लं. तिला दिलं तेव्हा तो सदका, तिने पुढे केला तेव्हा तो हदिया. तुम्ही मला दिलात तेव्हा हा फितरा होता. माझ्या डब्यात पडला, माझा झाला. आता माझ्या मालातून मी हदिया आणलाय." मग थोडं थांबून म्हणाली, "परत पाठवायचा असेल तर पाठवा. तुमच्याकडे माझं काही राहत नाही, मला ठाऊक आहे. पण मग पुढच्या ईदेला माझ्या दारी टोपली पाठवू नका."

म्हणजे तिला माहीत होतं. तीस वर्षं. तिची आमसुलं कुणाकडे गेली, जवळा कुणाच्या कालवणात पडला, सगळं. गाव केवढं असतं! आणि तीस वर्षं माहीत असूनही ती आमच्या टोपलीत काही ना काही टाकत राहिली होती.

अम्मीने बिस्मिल्ला करून घास घेतला. दोन-तीन घास झाल्यावर म्हणाली, "तिखट झालंय."

"होऊ दे," चाची म्हणाली. "गोळी कधी घेतली होती?"

तेव्हा कुठे आम्हाला कळलं. अम्मीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी भिजून गेल्या होत्या. चार दिवस तिने गोळी घेतली नव्हती आणि मागितलीही नव्हती. मागायचं कुणाकडे? मागण्याची सवयच नव्हती घराला. धाकटा तिथेच होता, सून तिथेच होती, थोरली येऊन बसली होती. चौघांनी मिळून तिच्या धीराचं कौतुक केलं होतं आणि गोळीचं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते चाचीने. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नातू तपासणीच्या शिबिरातून गोळ्या घेऊन आला.

त्याच दिवशी अम्मीने यादीवाल्या पोराला बोलावून घेतलं. "नाव लिही. माणसं सहा." थोरली म्हणाली, "मी म्हसळ्याची, मला कशाला धरतेस?" अम्मी म्हणाली, "जेवायला इथेच आहेस ना?" ताडपत्री आली, पत्रे आले, शिध्याची पिशवी आली. अम्मीने रीतसर सही केली. पिशवीत सात वस्तू होत्या, तिने सातही काढून मोजल्या आणि साबणाच्या दोन वड्यांतली एक चाचीकडे पाठवली. सवय ती सवय.

सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. आमच्या २२ गुंठ्यांचे होतात अकरा हजार. कोकणातल्या वाड्या सगळ्या अशाच गुंठ्यांच्या. एका पोफळीला फळ धरायला पाच ते सात वर्षं लागतात, हे त्या हिशेबात कुठे बसवणार? पण त्यावर पुष्कळ लिहून-बोलून झालं आहे.

पंधरवड्यानंतर ऊन पडलं तेव्हा गावभर अंगणांत कागद वाळत पडले. रेशनकार्ड, सातबारे, निकाहनामे, दहावीच्या गुणपत्रिका. वर दगड ठेवलेले. आमचीही पेटी उघडली. तिच्या तळाशी एक स्टँपपेपर निघाला, कडा भिजलेल्या, मजकूर शाबूत. हक्कसोडपत्र. २०१२ साली, अब्बांना वर्ष झाल्यावर, आम्हा भावांनी करून आणलेलं. बहिणींनी वाडीतला हक्क भावांच्या नावे सोडावा असा त्यात मजकूर. बहिणींची ना नव्हती. 'आम्हाला काय करायचंय, माहेर उघडं राहू दे, तेवढं पुरे' असं त्या म्हणाल्याही होत्या. नोंदणीला जायचा दिवस या ना त्या कारणाने लांबला आणि कागद पेटीत राहून गेला. अम्मीने तो उचलला, वाचला आणि पुन्हा उन्हात ठेवला. काही बोलली नाही.

आमच्याकडे वीज यायला चाळीस दिवस लागले. फोन त्याच्या थोडा आधी आला. बहारीनहून भावाने छपरासाठी पैसे पाठवले आणि मग एका रात्री विषय काढला. दलालामार्फत एक गिऱ्हाईक आलं होतं, समुद्राजवळची जागा, पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या. वाडी तशीही राहिलेली नाही. पुन्हा लावायची तर खर्च, राखण, सात वर्षं वाट. अम्मीचं वय ७१. विकावी आणि मोकळं व्हावं. त्याचं म्हणणं अव्यवहारी नव्हतं. धाकटाही मनातून तिकडेच झुकला होता.

फोन स्पीकरवर होता. अम्मी म्हणाली, "वाडी विकशील. विहीर कुणाला विकशील?"

एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी नसतं तेव्हा खालची सात घरं आमच्या विहिरीवर भरतात. चाचीचंही त्यांतलंच. गिऱ्हाईक कुंपण घालणार हे उघड होतं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग भाऊ एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, "अम्मी, एप्रिलपासून अर्धा पगार आहे. छपराचे पैसे मी उसने घेऊन पाठवले."

तोही याच घरातला! पनवेलला घेतलेल्या फ्लॅटचे हप्ते थकत चालले होते, खोलीवर सहाजण राहत होते, आणि आम्हाला दर शुक्रवारी फोनवर 'सब खैरियत' ऐकू येत होतं. अम्मी त्याला रागावली नाही. तिने मुंब्र्याच्या मुलीला सांगितलं, भावाचे चार महिन्यांचे हप्ते तू भर. मुंब्र्याची शिकवण्या घेते, जावयांचं छोटं दुकान आहे, तिने भरले. भावाला बहिणीचे पैसे घेणं इतकं जड गेलं, की तो आठ दिवस कुणाशी फोनवर नीट बोलला नाही. आठ दिवसांनी त्याने तिला फोन केला आणि दोघंही रडले. हे तिनेच आम्हाला सांगितलं.

२०२१च्या जानेवारीत तो सुट्टीवर आला, तेव्हा अम्मीने चौघांना पडवीत बसवलं आणि वाळवून ठेवलेला तो स्टँपपेपर पुढे टाकला. म्हणाली, "हा फाडा."

मग तिने आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. आमचे नाना वारल्यावर तिचे भाऊ असेच कागद घेऊन आले होते. तिने सही केली. आमच्या घरात ही गोष्ट नेहमी अम्मीच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाई. एवढी भाताची जमीन, पण भावांसाठी सोडली! अम्मी म्हणाली, "मी सोडली नव्हती. मला कुणी विचारलंच नव्हतं. मिठाई आधी आली, कागद नंतर. खाल्लेल्या मिठाईवर नाही म्हणता येतं का?"

बहिणी घाबरल्या. वाटा घेतला तर माहेर तुटेल, ही भीती त्यांच्या मनात खोल बसलेली. थोरली म्हणाली, "अम्मी, मी खुशीने देते ग." अम्मी म्हणाली, "तुझ्याकडे आहे काय द्यायला? आधी हातात घे. वर्षभर तुझं म्हणून सांभाळ. मग खुशीने द्यावंसं वाटलं तर दे." सूरे निसामध्ये वाटे ठरवून दिलेले आहेत, ते आम्ही सगळेच लहानपणापासून पढत आलो. पढण्यात आमच्या घराने कधी कसूर केली नव्हती.

आम्हा भावांना हे लगेच रुचलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. धाकटा म्हणाला, "राबतो मी इथे." त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज जास्त झाले. शेवटी असं ठरलं की वाडीत राबण्याची मजुरी आणि खर्च धाकट्याने आधी काढून घ्यायचा. उरेल त्यातला आठवा हिस्सा अम्मीचा, बाकीचे सहा भाग, बहिणींना एकेक, भावांना दोन-दोन. जमिनीच्या हिशेबाने बहिणीच्या वाट्याला सव्वातीन गुंठेही पुरते येत नाहीत. एवढ्याशा तुकड्यांची वाटणी करण्यात अर्थ नव्हता आणि विहीर तर कापता येत नाही. म्हणून सातबाऱ्यावर पाचही नावं तशीच राहिली. स्टँपपेपर मोठ्या भावाने फाडला. तो जरा ओलसरच होता, नीट फाटला नाही.

वाडी पुन्हा लावायला अम्मीने त्याच महिन्यात सुरुवात केली. श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातून थोडी रोपं मिळाली, पण अख्ख्या तालुक्याला रोपं हवी होती. म्हणून उरलेल्या ४१ पोफळींतल्या चांगल्या धरणाऱ्या निवडून त्यांची पिकली सुपारी तिने बियाण्याला घेतली. बादलीत पाणी भरून त्यात सुपाऱ्या टाकायच्या. जी देठाकडची बाजू वर करून उभी तरंगते ती ठेवायची, आडवी तरंगते ती बाजूला. हे ती नातवंडांकडून करून घेई आणि चुकलेली सुपारी पुन्हा पाण्यात टाकायला लावी. पोफळीच्या पोराला ऊन सोसत नाही, त्यातही नैर्ऋत्येचं. म्हणून २०२१च्या पावसात आधी केळी लावली आणि २०२२च्या पावसात त्यांच्या सावलीत पोफळीची रोपं.

डॉक्टरांनी तिला रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. वादळाआधी ती ते हसण्यावारी नेई. आता सकाळी फजरनंतर ती वाडीत आळी बघत फिरते. किती चालते ते आम्ही मोजलेलं नाही, पण ब्लडप्रेशर ताळ्यावर आहे आणि गोळी संपायच्या चार दिवस आधी ती आवाज देते, "गोळ्या आणा रे." झाडांतून पाखरंही परत आली. नव्या केळीवर मिळतील ती ती खातात, वटवाघळं रात्री येतात. मुंब्र्याची म्हणाली, जाळी लावू या. अम्मी म्हणाली, दोन घड त्यांच्या नावाचे सोड, बाकीच्यांना लाव.

२०२२च्या पावसाळ्यानंतर केळीचे पहिले घड विकले गेले. चाचीकडे दोन फण्या गेल्या, मगरिबनंतर, मागच्या दाराने. टोपलीत आमसुलं आली. अम्मीने ती मोजली नाहीत. दुसऱ्या दिवशी सार केलं आणि सगळ्यांना वाढलं.

खर्च जाऊन ४,८०० रुपये उरले होते. अम्मीने पडवीत बसून वाटे केले, पूर्वी सुपारीचे करी तसेच, फक्त आता नोटांचे. सहाशे स्वतःचे. थोरली म्हसळ्याहून आली होती. तिच्यापुढे सातशे रुपये ठेवले. थोरलीने इकडेतिकडे बघितलं, नोटा उचलल्या आणि घाईघाईने घडी करून बटव्यात कोंबू लागली.

अम्मी म्हणाली, "मोजून घे."